अचूकतेचे स्थान : रेडियल आर्म सॉ आणि पंचेचाळीस अंशांच्या कापाचा इतिहास

बीजसंज्ञा : सुतारकाम, मायटर जोड, रेडियल आर्म सॉ, कौशल्य, यांत्रिकीकरण, अमेरिकेचा औद्योगिक इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास आपल्याकडे बहुधा शोधांचा इतिहास म्हणून शिकविला जातो. अमुक साली अमक्याने तमुक यंत्र शोधले, त्यामुळे वेळ व श्रम वाचले, आणि कारागिराचे हस्तकौशल्य मागे पडले, अशा तीन वाक्यांत प्रकरण आटोपते. उत्तरपत्रिकांमधून हे तिसरे वाक्य वर्षानुवर्षे वाचताना ते कितपत खरे आहे, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास पडत आला आहे. यंत्र आल्यावर कौशल्य जाते, की ते दुसऱ्या जागी जाऊन बसते?

या प्रश्नाचे उत्तर सर्व यंत्रांच्या बाबतीत एकच असण्याचे कारण नाही. म्हणून प्रस्तुत लेखात एकच यंत्र आणि त्याचे एकच काम निवडले आहे. यंत्र आहे अमेरिकेतील ‘रेडियल आर्म सॉ’, म्हणजे उभ्या खांबाभोवती फिरणाऱ्या आडव्या भुजेवरून सरकणारे विजेचे गोल करवत. आणि काम आहे लाकडाला ४५ अंशांचा तिरका काप अचूक देण्याचे. विषय लहान दिसतो. परंतु या यंत्राची १९२२ ते २००० या काळातील वाटचाल पाहता, अचूकता नेमकी कोठे असते याविषयी ते बरेच काही सांगून जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मायटर जोड : चुकीची बेरीज

दोन पट्ट्यांची टोके प्रत्येकी ४५ अंशांत कापून काटकोनात जुळविली, की जो कोपरा तयार होतो त्यास मायटर जोड म्हणतात. तसबिरीच्या चौकटीचे कोपरे पाहिले म्हणजे या जोडाची कल्पना येते. त्याचे वैशिष्ट्य असे की लाकडाचे आडवे टोक कोठेही उघडे दिसत नाही व नक्षीची रेषा कोपऱ्यावरून अखंड वळते. दिसायला तो सर्वांत साधा आणि करायला सर्वांत अवघड जोडांपैकी एक आहे. साल आणि कुसू यांचा जोड आत झाकला जातो, त्यामुळे त्यातील थोडीफार चूक खपून जाते; मायटरमध्ये सर्व काही दर्शनी भागावर असते.

अडचण अंकगणिताची आहे. चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप केवळ पाव अंशाने चुकला आणि सर्व चुका एकाच बाजूच्या असल्या, तर एकूण चूक दोन अंशांची होते. कारागीर तीन कोपरे दाबून घट्ट बसवितो आणि चौथ्या कोपऱ्यावर ही सारी चूक एकदम प्रकट होते. पट्टी ७५ मिलिमीटर रुंद असेल तर तिरक्या कापाची लांबी सुमारे १०६ मिलिमीटर भरते, आणि दोन अंशांच्या चुकीने त्या कापाच्या एका टोकाशी साडेतीन मिलिमीटरांहून अधिक फट पडते. षट्कोनी चौकट असेल तर काप बारा, आणि चुकीची बेरीजही त्या प्रमाणात वाढते. समोरासमोरच्या बाजूंची लांबी सारखी नसेल, तर कोन निर्दोष असूनही चौकट जुळत नाही, ही आणखी एक बाब.

हाताने काम करणाऱ्या सुताराने यावर जे उपाय योजले ते जुने आहेत. जोसेफ मॉक्सन याच्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी ग्रंथात सुताराच्या अवजारांमध्ये मायटरच्या गुण्याचा समावेश आहे. पुढे लाकडी खोबणीची मायटर पेटी प्रचारात आली आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तिला लोखंडी चौकट, करवतीला धरणारे मार्गदर्शक खांब व कोनांच्या खाचा मिळाल्या. तथापि चांगला कारागीर पेटीतून निघालेला काप अखेरचा मानीत नसे. तो टोक ४५ अंशांच्या तिरक्या फळीवर धरून रंध्याने पातळ छिलके काढी, जोड लावून पाही, पुन्हा छिलका काढी. करवतीने जवळ जायचे आणि रंध्याने पोहोचायचे, अशी ही दोन टप्प्यांची पद्धत होती. नव्या यंत्राने या दोन टप्प्यांचा एक टप्पा करण्याचे आश्वासन दिले, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

ब्रिजटन येथील यंत्र

रेमंड डीवॉल्ट हा न्यू जर्सी राज्यातील ब्रिजटनचा. लाकूड कापण्याच्या गिरणीतील काम कमी माणसांत अधिक कसे व्हावे, हा त्याच्यासमोरचा प्रश्न होता. लांब फळ्या आडव्या कापण्यासाठी त्यापूर्वी छताला टांगलेली, झोक्याप्रमाणे पुढे ओढायची करवते वापरात होती. ती वर्तुळखंडात फिरत आणि पट्ट्यांनी चालत. डीवॉल्टने १९२२ मध्ये जी रचना केली तीत विजेची मोटर थेट पात्याशी जोडली, ती मोटर एका जूसारख्या पकडीत धरली आणि ती पकड टेबलावरील आडव्या भुजेवरून सरळ रेषेत सरकविली. लाकूड स्थिर, पाते चल. भुजा खांबाभोवती फिरविली की तिरका काप. मोटर पकडीत कलती केली की कलता काप. दोन्ही एकदम केले की संयुक्त काप. या रचनेचे पेटंट १९२५ मध्ये मिळाले. दरम्यान १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिओला येथे कंपनी स्थापन झाली व यंत्र ‘वंडर वर्कर’ या नावाने विकले जाऊ लागले. नावातच जाहिरात होती.

या रचनेतील बुद्धिमत्ता निर्विवाद आहे. चार मीटर लांबीची वजनदार तुळई करवतीकडे ढकलण्यापेक्षा करवत तुळईवर ओढणे केव्हाही सोयीचे. भुजा शून्य, डावी ४५ व उजवी ४५ या स्थानी आपोआप अडकावी म्हणून खिट्टीची व्यवस्था होती आणि मधल्या कोनांसाठी खांबाच्या माथ्यावर अंशांची पट्टी. यंत्र पाहणाऱ्यास सहजच वाटे, की खिट्टी ४५ वर पडली म्हणजे काप ४५ चाच होणार.

कोनपट्टीचा भ्रम

तसे होत नाही. याचे कारण कारखान्याची हयगय हे नसून यंत्राची भूमिती हे आहे. खांबाच्या माथ्यावरील कोनपट्टीची त्रिज्या समजा ५० मिलिमीटर आहे. तेथे एक अंश म्हणजे ०.८७ मिलिमीटर, पाव अंश म्हणजे सुमारे ०.२२ मिलिमीटर, जवळजवळ पट्टीवर आखलेल्या रेषेच्या जाडीइतके. पाते मात्र खांबापासून अर्धा मीटर दूर असू शकते. तेथे तोच पाव अंश दोन मिलिमीटरांहून अधिक होतो. म्हणजे मोजायचे आखूड टोकाशी आणि कापायचे लांब टोकाशी. मोजमापाच्या शास्त्रात हे नेमके उलटे असावे लागते.

शिवाय भुजा एका टोकाशी आधारलेली आणि दुसऱ्या टोकाशी मोकळी आहे. खांब आपल्या बैठकीत किंचित ढिला असला, खिट्टीची खाच झिजली, गाडीच्या बेअरिंगमध्ये पोकळी राहिली, तर प्रत्येक दोष मोकळ्या टोकाशी मोठा होऊन दिसतो. त्यात पात्याच्या फिरण्याची दिशा भर घालते. या यंत्रात दात खालच्या बाजूने मागील आडपट्टीकडे फिरतात. त्यामुळे लाकूड टेबलावर व आडपट्टीवर दाबले जाते हे खरे. परंतु पाते कापता कापता कापणाऱ्याच्या अंगावर चढून येऊ पाहते. ज्याने हात मागे रोखून धरला नाही त्याच्या यंत्रात भुजा कापाच्या ऐन मध्यावर हलते आणि कोन बिघडतो. यासाठीच या यंत्रावर दातांचा पुढील कल अत्यल्प किंवा उलट दिशेचा असलेली पाती वापरावीत, असा सल्ला जाणकार देत आले आहेत. मायटर कापताना आणखी एक गोष्ट घडते. पाते आडपट्टीशी ४५ अंशांत चालत असल्यामुळे त्याच्या जोराचा एक घटक पट्टीला आडपट्टीच्या कडेने सरकवितो. ही सरक डोळ्यांना दिसत नाही, जोडात दिसते. उपाय साधा आहे : टोकाशी अडणीचा ठोकळा लावणे, लाकूड शिकंज्याने आवळणे, आडपट्टीवर पॉलिशपेपर चिकटविणे. यांपैकी काहीही यंत्राबरोबर येत नाही.

जुळवणीचे अदृश्य काम

या यंत्राचा खरा इतिहास पेटंटात सापडत नाही, तो जुळवणीच्या पद्धतींमध्ये सापडतो. तेथे क्रम महत्त्वाचा असतो, कारण एक जुळवणी आधीच्या जुळवणीवर उभी असते. आधी टेबलाचा पृष्ठभाग भुजेच्या संपूर्ण फिरण्यात तिच्याशी समांतर करायचा. तो नसेल तर शून्यावर बरोबर असलेली कापाची खोली ४५ वर बदलते. त्यानंतर पात्याची चाल आडपट्टीशी काटकोनात आणायची. त्यानंतर पाते टेबलाशी उभे काटकोनात. आणि अखेरीस, बहुतेकांकडून राहून जाणारी गोष्ट : पात्याचे प्रतल त्याच्या सरकण्याच्या रेषेशी तंतोतंत समांतर आहे काय? ते नसेल तर पुढचे दात कापून गेल्यावर मागचे दात त्याच भिंतीला पुन्हा घासतात, काप रुंद होतो, त्याच्या कडा फाटतात. इंग्रजीत या दोषाला ‘टाच’ या अर्थाचा शब्द आहे. कोन मोजून पाहिला तर बरोबर भरतो, तरी जोड बसत नाही; अशा वेळी दोष बहुधा टाचेत असतो.

काटकोन तपासण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडते व ती सांगण्यासारखी आहे. रुंद फळी आडवी कापायची, दोन तुकड्यांपैकी एक उलटा करायचा आणि दोन्ही कापलेल्या कडा सरळ पट्टीच्या आधाराने पुन्हा भिडवायच्या. काप गुण्यात असेल तर कडा मिळतात. नसेल तर चूक दुप्पट होऊन फट पडते. येथे गुण्यावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही, कारण चूक स्वतःच स्वतःला मोजते. जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगो येथे सपाट धातुपृष्ठांविषयी जी मांडणी केली, तीत तीन पृष्ठे एकमेकांवर आळीपाळीने जुळवून निर्दोष सपाटी गाठण्याची पद्धत होती. तिच्यामागील विचार याच जातीचा. प्रमाण बाहेरून आणावयाचे नाही, तुलनेतून निर्माण करावयाचे. सुताराची उलटापालट आणि यंत्रशाळेतील तीन पृष्ठे यांचे हे नाते इतिहासलेखनात क्वचितच नोंदले जाते, याचे आश्चर्य वाटते.

अनुभवी कारागिरांनी मायटरचा प्रश्न ज्या रीतीने सोडविला ती तर अधिकच उद्बोधक आहे. त्यांनी भुजा फिरविणेच सोडून दिले. भुजा शून्यावर पक्की करायची आणि टेबलावर दोन आडपट्ट्या अशा बसवायच्या की त्या एकमेकींशी काटकोन करतील व पात्याची रेषा त्यांच्या मधून जाईल. चौकटीच्या प्रत्येक पट्टीचे डावे टोक एका आडपट्टीशी धरून कापायचे, उजवे दुसऱ्या आडपट्टीशी. आता समजा पात्याची रेषा ०.२ अंशाने चुकलेली आहे. एक काप ४४.८ चा होईल, दुसरा ४५.२ चा, परंतु जोडात हे दोन एकमेकांस भेटणार असल्याने बेरीज ९० च राहील. कोपरा बंद होईल. अर्थात चूक नाहीशी झालेली नाही. ७५ मिलिमीटर पट्टीवर दोन तिरक्या कडांच्या लांबीत सुमारे ०.७ मिलिमीटरचा फरक पडतो आणि एक टोक तेवढे पुढे येते. साध्या पट्टीवर ते घासून टाकता येते, नक्षीदार पट्टीवर मात्र डोळ्यांत भरते. तरीही युक्तीचे मर्म ध्यानात यावे. येथे ४५ हा आकडा कोणीच मोजीत नाही. दोन आडपट्ट्यांमधील काटकोन तेवढा सांभाळला जातो, आणि काटकोन तपासणे हे ४५ अंश तपासण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. ज्या फिरत्या भुजेमुळे यंत्राला नाव मिळाले, तीच अचूक कामासाठी खिळवून ठेवावी लागली!

गिरणीतून घरात

मग हे यंत्र यशस्वी कसे झाले? उत्तर असे की ज्या कामासाठी ते जन्मले त्या कामात ते उत्तमच होते. घराच्या छताच्या तिरक्या वाशांचे शेकडो सारखे तुकडे पाडताना एकदा बसविलेला कोन दिवसभर बदलत नाही आणि एखाद्या मिलिमीटरची चूक खिळ्यांत सामावून जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या घरांची प्रचंड लाट आली. न्यूयॉर्कजवळील एकट्या लेव्हिटटाउन वसाहतीत १९४७ ते १९५१ या काळात १७,००० हून अधिक घरे उभी राहिली. अशा बांधकामात वेगाने व एकसारखे कापणे हीच अचूकता होती. लाकूडकामाच्या कारखान्यातही यंत्र लांब टेबलात पक्के बसविलेले असे, ते वर्षानुवर्षे ९० अंशांवरच चाले आणि त्याची देखभाल ठरलेल्या माणसाकडे असे.

१९४९ मध्ये डीवॉल्टची कंपनी अमेरिकन मशिन अँड फाउंड्री या उद्योगसमूहाने घेतली व १९६० मध्ये ती ब्लॅक अँड डेकरकडे गेली. याच सुमारास हे यंत्र हौशी गृहस्थाच्या गॅरेजमध्ये शिरले. सीअर्स या विक्रीसंस्थेने ‘क्राफ्ट्समन’ नावाखाली विकलेली, इमर्सन कंपनीने बनविलेली यंत्रे १९५८ पासून १९९२ पर्यंत बाजारात होती. ग्राहकास सांगितले जाई की एकाच यंत्रात आडवे कापणे, लांबीत चिरणे, खाचा पाडणे, घासणे असे सारे काही होते. प्रस्तुत लेखकाच्या मते यंत्राच्या अपकीर्तीचे मूळ येथेच आहे. भुजा ९० वरून ४५ वर, तेथून पकड फिरवून लांबीच्या चिरण्यावर आणि पुन्हा ९० वर, असा प्रत्येक बदल हा जुळवणी बिघडण्याचा एक प्रसंग होता. गिरणीत जी जुळवणी वेतन घेणारा कुशल कामगार करी, ती घरात कोणी करायची याचा उल्लेख किमतीत नव्हता आणि जाहिरातीतही नव्हता. पुढे वॉलेस कुन्केल यांच्यासारख्या शिक्षकांनी या यंत्रावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी कंपनीचे टेबल बाजूला ठेवून दुहेरी फळ्यांचे, मध्ये पोलादी पट्ट्या उभ्या घातलेले टेबल वापरणाऱ्याने स्वतः बनवावे असे शिकविले. विकत घेतलेल्या यंत्राचा अर्धा भाग ग्राहकाने पुन्हा घडवावा, हे शिकविण्यासाठी पुस्तक लागावे, ही गोष्ट बोलकी आहे.

हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात भांडवली उत्पादनव्यवस्था कामगाराचे कौशल्य काढून घेऊन ते व्यवस्थापनाच्या हाती देते, असा सिद्धान्त मांडला. स्वतः ताम्रकाम शिकलेल्या लेखकाचा तो असल्यामुळे त्याला अनुभवाचे वजन आहे. परंतु प्रस्तुत यंत्राच्या बाबतीत तो अपुरा पडतो. येथे कौशल्य व्यवस्थापनाकडे गेले नाही. ते मनगटातून पाना आणि गुण्या यांच्याकडे सरकले आणि पुष्कळदा कोणाच्याच हाती न राहता हरवले. त्यापेक्षा डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्ये केलेला भेद येथे अधिक उपयुक्त वाटतो. ज्या कामात निष्पत्ती प्रत्येक क्षणी कारागिराच्या हातावर अवलंबून असते ते जोखमीचे काम, आणि ज्यात ती काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेली असते ते निश्चितीचे काम. रेडियल आर्म सॉ निश्चितीचे यंत्र म्हणून विकले गेले. वापरणाऱ्यास मात्र जोखीमच मिळाली, फक्त ती कापण्याच्या क्षणावरून जुळवणीच्या तासावर गेली.

सुरक्षितता व माघार

जोखीम केवळ जोडाची नव्हती. अंगावर चढून येणारे पाते, आणि लांबीत चिरताना उलट फेकले जाणारे लाकूड, यांनी अनेकांना जायबंदी केले. अमेरिकेच्या १९७० च्या कामगार सुरक्षा कायद्याखालील नियमांत या यंत्रासाठी पात्यावर आवरण, चिरताना लाकूड उलट न फिरावे यासाठी अटकाव आणि यंत्राची पुढील बाजू मागीलपेक्षा किंचित उंच बसविणे, अशा अटी आहेत. शेवटची अट हात सुटल्यास गाडी हळूच मागे जावी म्हणून. येथेही अचूकतेचा प्रश्न उद्भवतो. संपूर्ण यंत्र त्याच्या बैठकीसह कलते केले तर कोन बिघडत नाही. केवळ भुजा उचलली तर टेबलाशी असलेली तिची समांतरता जाते आणि सारी जुळवणी व्यर्थ होते. नियमाच्या एका ओळीचे दोन अर्थ, आणि त्यांतील योग्य अर्थ जाणणारा पुन्हा तोच अनुभवी माणूस.

दरम्यान १९६४ मध्ये रॉकवेल कंपनीने विजेवर चालणारी मायटर करवत बाजारात आणली. तीत पाते वरून खाली येते, भुजा आखूड असते आणि काम एकच : आडवे व तिरके कापणे. पुढे तिला कलते पाते व सरकती गाडीही मिळाली. अमेरिकी घरांत भिंत व छत यांच्या सांध्यावर ३८ अंशांत टेकवून लावायच्या नक्षीपट्टीच्या काटकोनी कोपऱ्यासाठी ३१.६ अंशांचा मायटर व ३३.९ अंशांचा कल लागतो. या नव्या करवतींच्या पट्ट्यांवर बहुधा नेमक्या याच जागी ठळक खुणा केलेल्या आढळतात. एकेकाळी त्रिकोणमितीने किंवा लाकडाचे तुकडे वाया घालवून शोधावा लागणारा कोन तेथे छापून येतो. लाकूड सुकल्यावर काय होईल हे मात्र कोणत्याही पट्टीवर छापता येत नाही. पट्टी रुंदीत चार टक्के आकसली आणि लांबीत आकसली नाही, तर निर्दोष ४५ चा काप ४३.८ चा होतो व जोड आतल्या बाजूने उघडतो. आपल्याकडे पावसाळ्यात घडविलेल्या चौकटी उन्हाळ्यात का फाकतात, याचे हेही एक कारण आहे.

ब्लॅक अँड डेकरने १९८९ मध्ये रेडियल आर्म सॉच्या उत्पादनाचा विभाग आपल्यापासून अलग केला. नोव्हेंबर २००० मध्ये इमर्सन कंपनीने ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सहकार्याने सीअर्समार्फत विकल्या गेलेल्या सुमारे ३७ लाख यंत्रांसाठी परतबोली जाहीर केली. काही नमुन्यांना नवे आवरण विनामूल्य देण्यात आले. ज्यांना आवरण बसविणे शक्य नव्हते त्यांच्या मालकांनी मोटरची गाडी काढून पाठवावी आणि १०० डॉलर घ्यावेत, असे ठरले. गाडी गेली की उरतो तो खांब आणि भुजा.

डीवॉल्ट हे नाव मात्र टिकून आहे. १९९२ पासून ब्लॅक अँड डेकरने ते व्यावसायिक कारागिरांच्या पिवळ्या-काळ्या अवजारांसाठी नव्याने वापरात आणले, आणि २०१० मधील स्टॅन्ले कंपनीबरोबरच्या विलीनीकरणानंतरही ते चालू राहिले. आपल्या शहरांतील हार्डवेअरच्या दुकानांतही ती अवजारे दिसतात. रेमंड डीवॉल्टच्या मूळ रचनेची जड यंत्रे आयोवा राज्यातील ब्रिट या गावी दुसऱ्याच एका कंपनीने पुढे चालविली, व त्यांची गिऱ्हाइके मुख्यतः लाकडाच्या वखारी आणि कारखाने ही राहिली.